परत घेतलेलं वाण

आमच्या बिल्डिंगमधल्या काही बायका मला 'वाण परत मागणारी' म्हणतात. समोर नाही म्हणत. लिफ्टचं दार बंद झालं की म्हणतात. दाराला फट आहे आणि माझे कान शाबूत आहेत, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा दिलेलं वाण परत मागायचं नसतं, हे मलाही माहीत आहे. तरीही मी घरोघर जाऊन ते मागितलं, मिळालं नाही तिथे हटून बसले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मागेन. का मागितलं ते एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे लिफ्टमधल्यांना निदान पूर्ण गोष्ट तरी बोलता येईल.

आम्ही चिखलोलीला राहतो. अंबरनाथ संपून बदलापूर सुरू व्हायच्या आत. स्टेशन होणार, होणार म्हणून इथे फ्लॅट घेणाऱ्यांतले आम्हीही. मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. आलेला माल तपासणं, जागच्या जागी लावणं, झाकण सैल असेल तो डबा दारातूनच परत पाठवणं, हे माझं काम. घरीही मी तशीच आहे. फ्रिजवर यादी असते, औषधांच्या डब्यावर यादी असते, आणि माझ्या मुलाच्या मते माझ्या उशीखालीही यादी असते.

त्या रविवारी नातवाचं बोरन्हाण होतं. पोरगा दीड वर्षाचा. पाहुणे म्हणजे बिल्डिंगमधल्या बायका, त्यांची पोरं, आणि उल्हासनगरहून सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई.

विहीणबाईंचं आणि माझं पहिल्या भेटीपासून जमलेलं नाही. त्यांना मी कडक वाटते, मला त्या सैल वाटतात. त्यांचं उल्हासनगरात फॉल-पिकोचं दुकान आहे. जन्म सिंधी शेजाऱ्यांत आणि बाजारात गेलेला, त्यामुळे प्रत्येक वस्तू त्या 'होलसेलमध्ये' आणतात आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांचं म्हणणं एकच असतं, "काय होत नाय!" या तीन शब्दांनी माझं डोकं जेवढं फिरतं तेवढं शिवीनंही फिरत नाही.

बोरन्हाणाचं सामान मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पाटावर बसलेल्या मुलाच्या डोक्यावरून जे ओतायचं, ते तो उचलून तोंडात घालणार, हे गृहीत धरूनच ठरवलं होतं. चिरमुरे आणि मोठे बत्तासे, बस्स. शेंगदाणे नाहीत, हलवा नाही, बियांची बोरं नाहीत, उसाचे करवे मोठ्या मुलांना वेगळ्या ताटलीत. हलव्याचे दागिने फोटोपुरते. फोन करून विहीणबाईंना हे सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "बोरन्हाणात बोरंच नाय? मग त्याला चिरमुरन्हाण म्हणा की!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या होत्या.

तर काळं झबलं, हलव्याचा मुकुट, पाट, रांगोळी. सुनेनं ओवाळलं, मी डोक्यावर चिरमुरे ओतले, पोरं धावली. तेवढ्यात विहीणबाईंनी पर्समधून मूठ काढली आणि वरून उधळली. फरशीवर खणखण आवाज झाला. नाणी!

"लक्ष्मी नको का पोराला? आमच्याकडे टाकतात."

मी गुडघ्यांवर बसून नाणी वेचायला लागले. पोरांच्या मुठी उघडून वेचली.

"विहीणबाई, पोरांच्या हातातलं काढून घेता?" त्यांनी मला विचारलं.

"तोंडातलं काढण्यापेक्षा बरं."

बायका हसल्या, पण अवघडून. सुनेनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'आई, आज नको' केलं. मी नाणी त्यांच्या पर्समध्ये टाकून पर्स कपाटात ठेवली. एखादं सुटलं असेलच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या नाण्यांनी केला. नाणं कुणी गिळलंच नव्हतं, पण नाणी उधळलेली सगळ्यांनी पाहिली होती.

मग हळदीकुंकू झालं आणि वाण लुटायची वेळ आली. मी स्टीलच्या डब्या आणल्या होत्या. विहीणबाईंनी आपली पिशवी उघडली आणि बॅटरीवर चालणाऱ्या पणत्या काढल्या. प्लॅस्टिकच्या, खालचं बटण सरकवलं की खोटी ज्योत थरथरते त्या. दोन-दोन वाणं का, असं कुणी विचारलं नाही. मला ते आधी कळवलं नव्हतं, आणि नातवाच्या आजोळाकडून वाण कसं भारी येतं हे बिल्डिंगला दिसावं, हाच त्यामागचा हेतू होता. त्यांनी सगळ्या पणत्या पेटवून ताटात मांडल्या आणि ताट टीपॉयवर ठेवलं. टीपॉय म्हणजे दीड वर्षाच्या पोराच्या छातीइतका उंच.

"वर ठेवा," मी म्हटलं.

"अहो पेटत्या थोड्याच आहेत, हात भाजायला? काय होत नाय!"

मी स्वयंपाकघरात तिळगुळाच्या ताटल्या भरायला गेले. बाहेर आले तेव्हा नातू खोकत होता. दोनतीनदा ठसका लागला, मग तोंड वाकडं करून रडला, आणि हनुवटीवरून लाळेची तार लोंबायला लागली. आमच्या खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "काहीतरी घातलं हो यानं तोंडात. गोल होतं, चमकलं. मला वाटलं बत्तासा."

"नाणं!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

इथून पुढे काय करायचं हे खरं तर सरळ आहे, पण घरात बायकांचा मेळा असला की सरळ गोष्टच अवघड होते. मी आधी त्याच्याकडे बघितलं. तो मोठ्यानं रडत होता, म्हणजे वारा आत-बाहेर जात होता. श्वास अडला असता, आवाज फुटत नसता, ओठ निळे पडले असते, तर पालथा धरून पाठीत मारावं लागलं असतं. ते नको होतं. तोंड उघडून उजेडात पाहिलं. काही दिसलं नाही. दिसत नसेल तर बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. म्हणून घातलं नाही. पण लाळ काही थांबत नव्हती. दीड वर्षाचं पोर रडता रडता आपली लाळ गिळत असतं. हा गिळत नव्हता.

"एक पाठीत धपाटा घाला!" कुणीतरी म्हणालं.

"पायाला धरून उलटं करा!"

"केळं द्या, केळं!" हे विहीणबाई. "घाबरता काय? हिनं पण गिळलेलं." त्यांनी माझ्या सुनेकडे बोट दाखवलं. "चार आणे! दोन केळी खाऊ घातली, दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्ळकन् पडले. मी धुऊन ठेवलेत अजून."

"मम्मी, हे काय सांगतेस सगळ्यांसमोर!"

बायका खो खो हसल्या. मी टॉवेल आणायला वळले, तेवढ्या वेळात त्यांनी हळदीकुंकवाच्या ताटातलं केळं सोलून घास त्याच्या तोंडात घातलासुद्धा. तो तसाच लाळेबरोबर बाहेर आला. पोरगा मान मागे टाकून ओरडला.

"बघा, अडकलंय. थांबा, उलटी काढते." आणि त्यांनी दोन बोटं पुढे केली.

मी त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं असणार, कारण हिरवी बांगडी पिचली आणि तुकडे पाटावर पडले. हळदीकुंकवाला, सवाष्णीची बांगडी! खोलीतलं हसू एकदम थांबलं.

"हात लावाल तर याद राखा," मी म्हटलं.

"माझ्या नातवाला हात लावायला तुमची परवानगी काढू का?"

"आज काढा."

मुलगा मध्ये आला. "आई, प्लीज. लोक आहेत." माझ्या मुलाला कुठलंही संकट आलं की आधी लोक दिसतात. मी त्याच्याकडे बघितलंच नाही, कारण माझी नजर टीपॉयवर गेली होती. ताटातल्या पणत्यांच्या ज्योती थरथरत होत्या. एक विझलेली होती. उचलून उलटी केली तर खालचं झाकण नुसतं लोंबत होतं. झाकणाला स्क्रू नव्हताच, नखानं उघडावं इतकं ते सैल. आतली गोल खोबण रिकामी.

शेजारची पणती उलटी करून झाकण काढलं. आत चपटा गोल सेल. रुपयाच्या नाण्याएवढा, तसाच चकचकीत.

"हे नाणं नाही," मी म्हटलं. "यानं सेल गिळलाय."

विहीणबाई तिथेच उभ्या राहून माझ्यावर तुटून पडल्या. "माझ्या पणतीवर येऊ नका हां! नाणी टाकली म्हणून बोललात, आता पणत्या? मी आणलेलं सगळंच विष काय? ती एक पडली असेल, सेल घरंगळला असेल सोफ्याखाली. बघा आधी, मग बोला!"

मुलगा लगेच मोबाइलचा टॉर्च लावून सोफ्याखाली शिरला. बायकाही वाकल्या. क्षणभर अख्खी खोली ढुंगण वर करून सेल शोधत होती, आणि ज्याच्यासाठी शोधत होती तो पाटावर बसून लाळ गाळत होता.

"उठ," मी मुलाला म्हटलं. "सोफा नंतर. सेल सापडला तर आपण सगळे मूर्ख ठरू, चालेल मला. नाही सापडला तर काय करशील?"

"अगं पण खात्री तरी…"

"खात्री एक्स-रे करेल."

तेव्हा सगळे सुनेकडे बघायला लागले. तिची एक आई केळं घेऊन उभी, दुसरी रिकामी पणती घेऊन. तिनं कुणाचंच तोंड बघितलं नाही. खाली बसून पोराची हनुवटी पुसली. पुन्हा लाळ आली. पुन्हा पुसली. मग त्याला उचललं आणि नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढ."

"सासूचं ऐकणार तू? आईचं नाय?" विहीणबाई म्हणाल्या.

"मम्मी, तो थुंकी गिळत नाहीये. दिसत नाही का तुला?"

मी रिकामी पणती आणि एक भरलेली पणती पिशवीत टाकली. डॉक्टरांना तोंडी वर्णन करत बसण्यापेक्षा वस्तू दाखवावी. लिफ्टची वाट बघताना नातवाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "चपटा सेल? वर्षावरचा आहे ना तो? घरात मध आहे? दोन छोटे चमचे द्या, जाता जाता दर दहा मिनिटांनी, पाच-सहा वेळाच. मधासाठी थांबू मात्र नका. बाकी पाणी नाही, दूध नाही, खाणं नाही, उलटी अजिबात नाही. जिथे लहान मुलांची दुर्बीण घालून काढतात तिथेच थेट जा. मध्ये दवाखाने फिरू नका."

मुलगा मध आणायला परत धावला. विहीणबाई चपला घालत म्हणाल्या, "केळं विष आणि मध अमृत! वा!" सेलनं घशाची कातडी जळते आणि मध मधे आड येतो, तेवढंच त्याचं काम, हे मला नंतर कळलं. वर्षाच्या आतल्या पोराला मध द्यायचाच नसतो, हेही. तेव्हा कळलं असतं तरी मी त्यांना समजावत बसले नसते.

त्या गाडीत बसल्या. न विचारता बसल्या, तेही मागे, पोराच्या शेजारी. मी पुढे. दुर्बीण कुठे, हा प्रश्न होता. मुलगा म्हणत होता ठाण्याला जाऊ. विहीणबाईंनी फोन काढला. त्यांच्या शेजारच्या सिंधी बाईंचा जावई उल्हासनगरातल्या एका हॉस्पिटलात भूल देतो.

"ओळख नको, दुर्बीण आहे का ते विचारा," मी पुढून म्हटलं.

"विचारते! माझ्या तोंडात जीभ आहे. हां भाभी, नमस्ते… नाही, सुनो ना, मेरा नाती… बच्चों का दूरबीन है ना वहाँ? पक्का? छोटा बच्चा है… जमाई को बोलो अभी के अभी…" फोन छातीशी धरून त्या म्हणाल्या, "आहे. आणि बोलावून पण घेतायत. बोला आता."

मी "उल्हासनगरला घे," असं मुलाला सांगितलं.

अंबरनाथला शिवमंदिराकडची रविवारची गर्दी रस्त्यावर उतरली होती. फुगेवाले, नारळवाले, आणि मधोमध गाडी लावून दर्शनाला गेलेले महाभाग. मुलगा हॉर्न वाजवत राहिला. मी मागे वळून मधाचा चमचा पुढे केला तर नातवानं तोंड घट्ट मिटलं. माझ्या हातून औषध घ्यायची सवय, त्यामुळे माझा चमचा म्हणजे कडू, हे त्याला पाठ. विहीणबाईंनी चमचा माझ्या हातातून ओढून घेतला. "आ कर माझ्या राज्या," म्हणाल्या, आणि त्यानं केलं. मग तसंच चाललं. मी घड्याळ बघायची, "आता" म्हणायची, त्या चमचा द्यायच्या. उल्हासनगर येईपर्यंत.

हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्यानं पडद्यावर पांढरा गोल बघितला आणि म्हणाला, "कॉइन है."

"बघा!" विहीणबाई अशा वळल्या की जणू त्यांना बक्षीस लागलं. "नाणं! मी काय सांगत होते? केळं…"

तेवढ्यात डॉक्टर आले. भूलवाले जावईही आलेले होते. मी पिशवीतून दोन्ही पणत्या काढून टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्यावरचं चित्र मोठं केलं. पांढऱ्या गोलाच्या कडेला आत आणखी एक बारीक कड होती, ताटात ताट ठेवल्यासारखी.

"नाण्याला एकच कड असते," ते म्हणाले. "हा सेल आहे. अन्ननलिकेत, वरच अडकलाय. काय खाल्लंय यानं?"

"केळं दिलं होतं, बाहेर आलं. मध गेलाय," सून म्हणाली.

त्यांनी अजून दोन प्रश्न विचारले, सही घेतली आणि पोराला आत नेलं. काळं झबलं अंगावर होतं तसंच. हलव्याचा एक हार सुनेच्या हातात राहिला. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांच्या एका टोकाला त्या बसल्या, दुसऱ्या टोकाला मी. मध्ये मुलगा आणि सून.

सेल निघाला. डॉक्टरांनी छोट्या वाटीत आणून दाखवला. एक बाजू काळी पडलेली. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे, कारण ते प्रत्येक घरात माहीत हवं. नाणं बहुतेक वेळा नुसतं अडकतं. सेल अडकला की भाजतो. ओल्या नलिकेत त्याचा प्रवाह सुरू होतो आणि कातडीवर कॉस्टिक सोड्यासारखं काहीतरी तयार होतं. दोन तासांत मोठी इजा होऊ शकते. सेल जुना असला, पणती विझत आलेली असली, तरीही.

"सकाळपर्यंत थांबला असता तर…" डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं.

"आता बरा आहे ना?" सुनेनं विचारलं.

"भाजलंय. किती खोल, ते आज सांगता येणार नाही. जखम भरताना नळी आक्रसू शकते. आक्रसली तर जेवण उतरणार नाही, पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून ती रुंद करावी लागेल. काही आठवडे पातळच द्या. मग बघू."

मग बघू. एवढ्या दोन शब्दांवर आम्हाला सोडून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे आणायला घरी आले. सोफ्याखाली कालची नाणी तेवढी सापडली. चहा केला, आणि कप हातात असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. टीपॉयवरचं ताट रिकामं होतं. आम्ही निघाल्यावर बायका आपापलं वाण उचलून घेऊन गेल्या होत्या, म्हणजे तसल्या पणत्या बिल्डिंगभर पोचल्या होत्या. सगळ्या सैल झाकणाच्या.

कापडी पिशवी घेतली आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. बहुतेकींनी मुकाट दिली. एका घरात पणती देवापुढे लावलेली होती. ती बाई उंबऱ्यातच अडून उभी राहिली. "वाण परत मागतात का हो काकू? आम्ही काय ते वापरलेलं परत करायचं? अपशकुन असतो."

"तुमच्या घरी लहान मूल कोण?"

"कुणी नाही."

"पाहुणे येतात?"

"येतात की."

"मग द्या."

"विहिणीशी तुमचं भांडण, त्यात आम्हाला कशाला?"

मी चपला काढून त्यांच्या सोफ्यावर बसले. पणती हातात पडेपर्यंत उठले नाही. खालच्या मजल्यावर, जिनं चमकतं काहीतरी पाहिलं होतं तिच्याच घरी, पणती तिच्या रांगत्या नातीच्या झोळीत होती. खेळायला दिलेली. म्हणे अंधारात छान दिसते. मी ती उचलून पिशवीत टाकली आणि तडक बाहेर पडले. थांबले असते तर फार वाईट बोलले असते.

सेल काढून प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि कारखान्यात बाद बॅटऱ्या जमा होतात तिथे दिले. घरातला टीव्हीचा रिमोट, वजनकाटा, गाणारं बदक, सगळ्यांची झाकणं तपासली. बदकालाही स्क्रू नव्हता. ते बदक मी आणलेलं नव्हतं, एवढं सांगते.

दुपारी हॉस्पिटलात पोचले तर विहीणबाई जिन्यातच उभ्या. बिल्डिंगमधून कुणीतरी फोन केला होता.

"माझं वाण तुम्ही दारोदार मागत फिरलात?"

"हो."

"भिकाऱ्यासारखं?"

"हो."

"माझी इज्जत घालवली सगळ्या बिल्डिंगमध्ये! बांगडी फोडली, ती पण मी गिळली. पण वाण? कुणी परत घेतं वाण?"

"ज्याच्या नातवाच्या घशातून निघालंय, तो घेतो."

"आणि डॉक्टर कुणी आणला? ठाण्याला चालला होता तुमचा मुलगा. ओळख कुणाची होती? मध कुणाच्या हातनं घेतला पोरानं?"

"तुमच्या."

"मग?"

"मग काय? सेलही तुम्ही आणला, डॉक्टरही तुम्ही आणलात. दोन्ही पोचलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कसलं, ते मी विचारलं नाही. वरून सून खाली आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. "दोघी गेटच्या बाहेर जाऊन भांडा," ती म्हणाली. "तो आत्ता झोपलाय." आम्ही दोघी गेटपर्यंत गेलो, चहाच्या टपरीवर शेजारी शेजारी उभ्या राहिलो, वेगवेगळा चहा मागवला आणि परत आलो.

त्यानंतरचे आठवडे पेज, ताक, गाळलेलं वरण, नाचणीचं पातळ आंबील यांवर गेले. दुर्बीण पुन्हा एकदा झाली. पोरगा आमच्या ताटातल्या पोळीकडे बोट करायचा, आणि आम्ही जेवणं उरकून घ्यायचो ती स्वयंपाकघराचं दार लावून. रात्री सून त्याच्या गळ्यावर हात ठेवून झोपायची. एकदा तिनं मला विचारलं, "आई, नळी आक्रसली असेल तर कळेल कसं?" मी म्हटलं, "घास उतरणार नाही." मला गोड बोलता येत नाही. तिनं मान हलवली. तिला तेच बरं वाटलं असावं.

मग डॉक्टरांनी सांगितलं, मऊ भात द्या, लहान घास, आणि नजर ठेवा.

मी गुरगुट्या भात केला. चाळणीतून घोटलेला, तूप घालून. ताट मांडलं तेवढ्यात बेल वाजली. विहीणबाई. हातात डबा. डब्यात गुरगुट्या भात.

"माझा जरा जास्त मऊ आहे," त्या म्हणाल्या.

"माझा घोटलेला आहे."

सुनेनं दोन्ही वाट्या बाजूला सरकवल्या, तिसऱ्या वाटीत दोन्हींतला एकेक चमचा घेतला, कालवला आणि पोराला पाटावर बसवलं. तोच पाट. चमचा तिनं आपल्या आईकडे दिला. माझ्या चमच्याला तो तोंड उघडत नाही, हे मला माहीत होतं.

"आ कर माझ्या राज्या."

घास गेला. त्यानं तो तोंडात इकडून तिकडे फिरवला. इतक्या दिवसांनी तोंडात काहीतरी जाड आलेलं, त्याला सुचेना. आम्ही तिघी त्याच्या गळ्याकडे बघत होतो. गळा हलला. तो खोकला. सुनेनं माझा दंड पकडला, नखं रुतली. पुन्हा खोकला, डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या हनुवटीखाली बोट धरलं. कोरडी होती.

मग त्यानं पाटावर हात आपटला आणि तोंड उघडलं. रिकामं. दुसऱ्या घासासाठी.

सून रडायला लागली. विहीणबाईंनी पुढचा घास भरवला, मग त्यानंतरचा. वाटी संपत आली तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी म्हणत होते ना? काय होत नाय."

वाटीतला शेवटचा घास मी त्यांना भरवू दिला. मग वाटी त्यांच्या हातातून घेतली.

"विहीणबाई, पुढच्या संक्रांतीला या. पण हात हलवत या. पर्ससुद्धा नको."

"रिकाम्या हातानं नातवाकडे कुणी येतं का?"

"तुम्ही याल."

"आणि नाय ऐकलं तर?"

"दारात पिशवी तपासेन. कारखान्यात रोज तपासते."

त्यांनी डबा पुसून पिशवीत टाकला, पोराचा मुका घेतला, आणि जाताना उंबऱ्यावर थांबून, मला दिसेल अशी, आपली पिशवी पूर्ण उघडून दाखवली. आत डबा, छत्री आणि चष्म्याचं घर होतं.

मी वाकून नीट बघितलं. मगच दार लावलं.